गिटारीवर पुढचे गाणे कोणते घ्यावे?



या व्यासपीठावर काल शहराच्या पाणीपुरवठ्यावर व्याख्यान झाले आणि उद्या ज्ञानेश्वरीवर व्हावयाचे आहे. या दोहोंच्या मध्ये गिटारीला उभे करण्याचे धाडस चिटणिसांनी केले, याबद्दल त्यांचे अभिनंदन करावे की त्यांच्याविषयी काळजी करावी, हे आम्हाला अजून ठरविता आलेले नाही. पत्रिकेत विषय ‘गिटार : एक छंद’ असा छापला आहे. आम्हाला बोलावयाचे आहे ते त्याहून पुष्कळच लहान गोष्टीवर. हातात गिटार आहे, दोनचार कॉर्ड बसले आहेत. आता पुढचे गाणे कोणते घ्यावे, एवढाच आमचा प्रश्न.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी कपाटाच्या माथ्यावर एक गिटार आडवी पडलेली आहे. मुलाने दहावीच्या निकालानंतर हट्टाने घेतलेली, एक तार तुटलेली, पिशवीच्या साखळीला गंज चढलेला. हात वर करा, असे आम्ही म्हणत नाही. कुणाचे गृहच्छिद्र सभेत उघडे करू नये. मात्र त्या मुलाने गिटार का सोडली असे तुम्ही विचारलेत, तर अभ्यास, वेळ, दुखणारी बोटे अशी कारणे तो सांगेल. खरे कारण बहुधा वेगळे असते. त्याने गाणे चुकीचे निवडलेले असते.

हे आम्ही अधिकाराने सांगतो, कारण आम्ही त्याच पंथातले.

१९७८ साली आम्ही गिरगावात दोन खोल्यांत राहत होतो. वडील पोस्टात होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्या वर्षी त्यांच्या हाती पगाराची थकबाकी एकदम आली आणि आमच्या कटकटीला कंटाळून म्हणा किंवा कौतुकाने म्हणा, त्यांनी त्यातले दीडशे रुपये आमच्या हातावर ठेविले. त्यात एक जुनी गिटार आली. शिकविण्यासाठी धोबीतलावाच्या बाजूला राहणारे एक गोवेकर मास्तर मिळाले. हॉटेलांतल्या बँडमध्ये त्यांची हयात गेली होती. आम्ही पहिल्याच दिवशी त्यांना सांगितले की आम्हाला ‘रोमान्स’ शिकावयाचे आहे.

हे ‘रोमान्स’ म्हणजे स्पॅनिश गिटारीवरील एक बिनशब्दांचे गाणे. ते कोणी रचले हे निश्चित ठाऊक नाही. पण रने क्लेमाँच्या १९५२ सालच्या एका फ्रेंच चित्रपटात नार्सिसो येपेस या स्पॅनिश वादकाने ते वाजविले आणि ते जगभर झाले. आम्ही ते एका मित्राकडे तबकडीवर ऐकले होते. त्याचा प्रारंभ फार फसवा आहे. वरची पातळ तार सातव्या पडद्यावर एका बोटाने दाबावयाची, बाकीच्या तारा मोकळ्याच झंकारतात, अंगठा जाड तारेवर खर्ज देतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हा मुलगा मोठा वादक आहे. ते एकच बोट मागेपुढे सरकवीत पहिल्या ओळी निघतात. मास्तर म्हणाले, “बाबा, ह्याच्या पोटात घाट आहे. तुला अजून सपाटीवर चालता येत नाही. आधी एक गाणे पुरे वाजव.” आणि त्यांनी तीन कॉर्डांचे एक साधे कोंकणी गाणे समोर ठेविले. आम्हाला तो अपमान वाटला. तीन कॉर्डांसाठी का दीडशे रुपये घातले?

आम्ही ‘रोमान्स’च घेतले. पहिल्या ओळी पंधरा दिवसांत आल्या. मग घाट लागला. आधी पहिले बोट सगळ्या तारांवर आडवे दाबून धरावे लागते. त्याला बार म्हणतात. ते कसेबसे साधावे, तर उत्तरार्ध येतो. आमच्या भाषेत सांगावयाचे तर पूर्वार्धात कोमल असलेला गंधार तिथे शुद्ध होतो. ढग फाटून ऊन पडावे तसे ते ऐकावयास वाटते. पण ते ऊन पाडण्यासाठी डाव्या हाताची बोटे इतकी ताणावी लागतात की मनगटात कळ येते. आमचे गाणे त्या उंबरठ्याशी येऊन थांबत असे.

अण्णा भजनात बसणारे. जेवण झाल्यावर ते गॅलरीत खुर्ची टाकून ऐकत. भजनाला आरंभ असतो तसा शेवटही असतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. आमचे वाजविणे थांबले की ते विचारीत, “पुढं काय?” आम्ही म्हणत असू, “पुढचं बसवतोय, अण्णा.” असे तीन वर्षे चालले. १९८१ साली नोकरीच्या निमित्ताने गिटार खुंटीला लागली, आणि १९८६ साली अण्णा गेले. त्यांच्या दीडशे रुपयांच्या गिटारीवर त्यांनी एकही गाणे शेवटपर्यंत ऐकले नाही.

असो. आम्ही विषयाकडे येतो.

गिटार हे अर्ध्या गाण्यांचे वाद्य आहे. पेटी शिकणाऱ्याला निदान एक आरती पुरी येते. गिटार शिकणाऱ्याला पंचवीस गाण्यांचे प्रारंभ येतात आणि एकाचाही शेवट येत नाही. दोष वाद्याचाच आहे एका अर्थी, कारण त्याच्यावर प्रारंभ फार लवकर गोड लागतो. ‘डीप पर्पल’ या इंग्रज मंडळींचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ नावाचे एक गाणे १९७२ साली तबकडीवर आले. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो येथे ४ डिसेंबर १९७१ रोजी एका कार्यक्रमात आग लागून तिथला कॅसिनो जळाला, त्याचा धूर सरोवरावर पसरला. त्या प्रसंगावरचे ते गाणे. त्याच्या आरंभी येणारा तुकडा अवघ्या चार स्वरांतून उभा केलेला आहे, आणि जगातील गिटारीच्या कोणत्याही दुकानात गेलात तर कोणी ना कोणी पोरगा तो वाजवून पाहत असतो. त्याला विचारा की यापुढे काय आहे. तो ओशाळून गिटार खाली ठेवील. पुढे एक अख्खे गाणे आहे, याची त्याला दखल नाही.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की गाणे निवडताना त्याचा प्रारंभ पाहूच नये. गावाला निघण्यापूर्वी शहाणा माणूस वाटेतला घाट विचारून घेतो. गाणे आठदहा वेळा गिटार हाती न घेता ऐकावे. हाताने ताल धरावा, गुणगुणून पाहावे. मग त्यात सर्वांत अवघड जागा कोणती ती हुडकावी, आणि शिकावयास सुरुवात त्या जागेपासून करावी. तीनचार दिवस ती एकच जागा, मुंगीच्या पावलाने. चौथ्या दिवशी ती पहिल्या दिवसापेक्षा सुसह्य झाली असेल तर ते गाणे आपले. काहीच फरक पडला नसेल तर नमस्कार करून ते पुढच्या वर्षासाठी ठेवावे. यात मानहानी नाही. आम्ही चार दिवस वाचविले असते तर तीन वर्षे वाचली असती.

गाणे गाण्यासाठी घ्यावयाचे असेल तर दुसरी एक गोष्ट आधी पाहावी लागते, ती म्हणजे आपला गळा. मूळ गायकाची पट्टी ही आपली पट्टी नव्हे. येथे पेटीवर गाणारी मंडळी पुष्कळ आहेत म्हणून त्यांच्या भाषेत सांगतो. गिटारीला पांढरी एक, दोन, तीन, पाच आणि सहा या पट्ट्या मानवतात, कारण त्यांत मोकळ्या तारा वाजतात. पांढरी चार म्हटली की तो कुप्रसिद्ध ‘एफ’ येतो. सहाही तारांवर आडवे बोट. कित्येक गिटारींचा शेवट याच कॉर्डावर झालेला आहे. आणि आपल्याकडची निम्मी मंडळी तर काळी एक, काळी चार, काळी पाच असे गातात. त्यावर उपाय म्हणजे कॅपो, गिटारीच्या गळ्याला लावावयाचा चिमटा. तो पहिल्या पडद्यावर लावला आणि पांढरी एकचे कॉर्ड धरले की काळी एक झाली. पांढरी पाचचे धरले की काळी चार. पांढरी सहाचे धरले की काळी पाच. पाचसहाशे रुपयांची ही वस्तू आहे. काही उस्ताद मंडळी तिला कुबडी म्हणून हिणवितात. ज्याला कुबडीने देवळापर्यंत जाता येते त्याने घरी बसून राहावे, असे आम्हाला वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या घराण्यांची गाणी घ्यावीत असे सगळेच सांगतात. दृष्टी विशाल होते वगैरे. आमचे कारण अधिक व्यवहारी आहे. गिटारीवर डावा हात फक्त स्वर कोणता हे ठरवितो. गाणे कोणत्या मुलखातले हे उजवा हात सांगतो. पांढरी सहाच्या गाण्यात लागणारे तेच ते तीन कॉर्ड घ्या, ए, डी आणि ई. डाव्या हाताला काडीचाही नवा त्रास न देता तुम्ही चार मुलूख फिरून येऊ शकता.

अमेरिकेत व्हर्जिनियाच्या डोंगरांत मेबेल कार्टर नावाची एक बाई १९०९ साली जन्मली. तिच्या कुटुंबाची गाणी १९२७ पासून ध्वनिमुद्रित झाली. तिची रीत अशी की अंगठा जाड तारांवर गाण्याची चाल वाजवितो आणि मधल्या वेळात बोटे पातळ तारांवर झाडल्यासारखी फिरून ताल भरतात. म्हणजे एकाच हातात गाणाराही आणि साथीदारही. चाल अंगठ्यात आहे हे एकदा कानाला कळले की नुसते खरडणे सुटते.

तेच तीन कॉर्ड घेऊन दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या ब्लूजकडे या. त्याचा सांगाडा बारा मापांचा. चार मापे पहिला कॉर्ड, दोन मापे चौथा, दोन पुन्हा पहिला, मग एकेक माप पाचवा आणि चौथा, आणि शेवटी दोन मापे घरी परत. मात्रेचे तीन भाग करून पहिले दोन एका स्वराला द्यावयाचे आणि तिसरा दुसऱ्याला; त्यामुळे चालीला एक डौलदार लंगडेपणा येतो. गाणारा एक ओळ म्हणतो आणि थांबतो. त्या थांबलेल्या जागेत गिटार उत्तर देते. बी. बी. किंग हा या प्रकारातला थोर माणूस, २०१५ साली वारला; तो गाताना वाजवीत नसे आणि वाजविताना गात नसे. नवशिक्याला याइतका दिलासा देणारा दाखला दुसरा नाही. शिवाय ब्लूजमध्ये तार बोटाने ओढून कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला स्वर काढतात. मींड ऐकून वाढलेल्या आपल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो.

जमैकाच्या रेगे संगीताने आमच्या रविवारच्या मंडळात मोठीच खळबळ केली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही सातआठजण रविवारी सकाळी जमतो. त्यात अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी आहेत, एक औषधांचे दुकानदार आहेत आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. आमच्यात नियम असा की महिन्यातून एक गाणे दुसऱ्याच्या आवडीचे शिकावयाचे. एका विद्यार्थ्याने बॉब मार्लीचे गाणे आणले. दोनच कॉर्डांवर निम्मे गाणे उरकत होते, म्हणून आम्ही खूश झालो. वाजवू लागलो आणि सगळेच कोसळलो. कारण कॉर्ड पडतो तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि पडल्या पडल्या डावा हात किंचित उचलून त्याचा आवाज बंद करावयाचा. पहिली मात्रा रिकामी! ढोलवाला सुद्धा तिथे पुष्कळदा गप्प असतो. ज्यांची सगळी हयात समेवर मान डोलाविण्यात गेली त्यांनी सम रिकामी सोडावयाची म्हणजे काय? औषधवाले गृहस्थ म्हणाले, हे आपल्या रक्तात नाही. त्यावर बाई, त्यांनी लहानपणी तबला शिकलेला, शांतपणे म्हणाल्या, “अहो, रूपकात सम खालीवरच येते की. तिथे नाही कुणाचं रक्त आड येत.” आणि त्या वाजवू लागल्या. आमच्यात रेगे सर्वांत आधी बसले ते चौसष्ट वर्षांच्या या बाईंना.

ब्राझीलचा बोसानोव्हा हा चौथा मुक्काम. झ्वाँव झिल्बेर्तो या वादकाने १९५८ साली केलेल्या ध्वनिमुद्रणापासून तो जगाला माहीत झाला. अंगठा घड्याळासारखा चालतो आणि बोटे त्याच्या किंचित आधी किंवा नंतर पडतात. एका हातात दोन माणसे, आणि त्यांचे आपसात भांडण नाही. गाणे मात्र कुजबुजल्यासारखे. उजव्या हाताचा ठेका आमच्या तीन कॉर्डांवरही गिरविता येतो. परंतु खऱ्या बोसानोव्हात डाव्या हाताचे कॉर्डही सगळे अनोळखी, चार बोटांचे. म्हणून हा मुक्काम आम्ही शेवटी ठेवितो.

यावरून आमचा एक साधा नियम बनला आहे. एका गाण्यात एकच हात नवा असावा. उजव्या हाताला नवा ठेका शिकवावयाचा असेल तेव्हा कॉर्ड जुने, झोपेतही धरता येतील असे घ्यावेत. कॉर्ड नवे असतील तेव्हा ठेका जुना. दोन्ही हात एकदम नवे असलेले गाणे म्हणजे नव्या बैलांची जोडी नव्या वाटेला जुंपणे. गाडी कुठे जाईल ते बैलांनाच ठाऊक. आणि दोन्ही हात जुने असलेली गाणीच घेत राहिलात तर? पुष्कळ लोक तसे करतात. त्यांना दोनशे गाणी येतात आणि ती सगळी एकच गाणे असतात. लग्नाच्या आदल्या रात्री त्यांना मागणी असते, हेही आम्ही मान्य करतो.

अभिजात स्पॅनिश पद्धतीकडे वळणाऱ्यांसाठी दोन शब्द पुरेत. फ्रान्सिस्को तार्रेगा, १८५२ ते १९०९, याची अल्हाम्ब्राच्या आठवणींची रचना ऐकून माणूस वेडा होतो. अंगठ्याने एक आणि तीन बोटांनी तीन असे आघात इतक्या वेगाने पडतात की तुटक स्वरांचा एक अखंड धागा वाटू लागतो. ती ऐकावी आणि दूरून नमस्कार करावा. त्याच तार्रेगाची ‘लाग्रिमा’ नावाची छोटी रचना आहे. तिच्यातही शुद्ध गंधार आणि कोमल गंधार असे दोन भाग आहेत, पण आकाराने लहान, दोन पानांतही न जाणारी. आमचे मास्तर आम्हाला कोंकणी गाण्यानंतर तिच्याकडेच नेणार होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

आता कोणी विचारील, हे परमुलखातले झाले. आपल्या गाण्यांचे काय? येथे आम्हाला थोडे सावकाश बोलावे लागेल, कारण सर्वांत अधिक चुका आपण घरच्याच गाण्यात करतो. चाल ओठावर असते म्हणून आपल्याला वाटते की गाणे सोपे आहे.

हिंदी चित्रपटातील पुष्कळ गाणी गिटारीवर अलगद बसतात, याला इतिहास आहे. मुंबईच्या स्टुडिओंतून वाद्यवृंदाची मांडणी करणाऱ्यांत गोव्याचे संगीतकार मोठ्या संख्येने होते. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबास्टियन डिसोझा होते. ही माणसे गोव्यात पाश्चात्य स्वरलेखन शिकून आलेली. चाल हाती आली की तिच्याखाली कॉर्ड कोणते हे ती लिहूनच काढीत. पुढे राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत तर गिटार केवळ साथीला न राहता गाण्याचा चेहरा झाली. त्यांतल्या कित्येकांवर गझल गाणारे भूपिंदर सिंग गिटार वाजवीत. अशा गाण्यांत कॉर्ड आधीपासून मुरलेले असतात. आपण फक्त ते शोधावयाचे.

रागावर उभ्या असलेल्या गाण्यांचे तसे नाही. भूपाचे उदाहरण घ्या. भूपात मध्यम नाही आणि निषाद नाही. आता भूपातल्या एखाद्या भावगीताला नवशिका वादक सवयीने चौथा कॉर्ड देतो. त्या कॉर्डाचा पायाच मध्यम! पाचवा दिला तर त्याच्या पोटात निषाद. गाणारा बिचारा निष्ठेने पाच स्वरांत गातो आहे आणि गिटार मागच्या दाराने दोन पाहुणे आत घेते आहे. कधी ते गोड लागते, नाही असे नाही. पण तो मग भूप राहत नाही. भैरवात याहून बिकट. तिथे पंचमावर कॉर्ड उभा करू गेलात तर रिषभ कोमल असल्यामुळे तो कॉर्ड पोटातून दुमडलेला, अस्वस्थ निघतो. मारव्यात तर पंचमच नाही. षड्जावर पुरा कॉर्ड धरणे हीच चोरी.

मग काय ही गाणी सोडावीत? मुळीच नाही. कॉर्ड सोडावेत. इंग्लंडात डेव्ही ग्रॅहम नावाच्या वादकाने १९६० नंतरच्या वर्षांत तारा लावण्याची एक निराळी रीत रूढ केली. सहावी, दुसरी आणि पहिली या तीन तारा एकेका स्वराने उतरवावयाच्या. मग जाड तारेपासून पातळ तारेपर्यंत स्वर येतात ते डी, ए, डी, जी, ए, डी. पांढरी दोन हा षड्ज धरा आणि पुन्हा म्हणून पाहा : सा, प, सा, म, प, सा. हा तर तंबोराच झाला! मोकळ्या तारा षड्जपंचम देत राहतात आणि पातळ तारेवर एका बोटाने अभंगाची चाल वाजविता येते. आमच्या रविवारच्या मंडळातील धातूचा कर्कश गजर आवडणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही अशा रीतीने एक भूपाळी दिली. दोन महिने त्याने तोंड वाकडे केले. हल्ली घरी आजीसमोर वाजवितो, असे त्याची आई सांगत होती. मध्यमाची तार मात्र भूपात चुकूनही छेडावयाची नाही, हे तो आता दुसऱ्यांना बजावतो.

ज्यांना मींडेवाचून चैनच पडत नाही त्यांचा मार्ग वेगळा. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, बोटांऐवजी पोलादी दांडी तारांवरून सरकवली, आणि पडद्यांचा प्रश्नच मिटविला. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी आपल्यापैकी अनेकांनी झिजेपर्यंत ऐकली असेल. परंतु ती निराळी साधना आहे. रविवारच्या सकाळीत मावणारी नव्हे.

आमच्याकडे येणारे काहीजण म्हणतात, आता वय झाले, बोटे वळत नाहीत. त्यांना आम्ही दोन माणसे सांगतो. एक जँगो राइनहार्ट. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. त्याने उरलेल्या बोटांना जमेल असे नवे वादन घडविले, आणि युरोपातील जाझमध्ये त्याचे नाव आजही पहिल्याने घेतात. दुसरी बाई एलिझाबेथ कॉटन. डावखुरी होती, गिटार उलटी धरून, तारा न बदलता, अंगठ्याने चाल आणि बोटांनी खर्ज असे ती वाजवी. लहान वयात तिने मालगाडीवर एक गाणे रचले आणि पुढे संसारात गिटार सुटली ती कित्येक दशके. मग सीगर नावाच्या संगीतप्रेमी कुटुंबात ती घरकामाला राहिली. त्या घरात गिटार होती. ती तिने हाती घेतली. १९५८ साली तिची पहिली तबकडी निघाली तेव्हा तिची साठी उलटली होती. तिचे ते मालगाडीचे गाणे आम्ही रविवारच्या मंडळात प्रत्येकाला शिकवितो. कॉर्ड ओळखीचे, अंगठा नवा. म्हणजे एकच हात नवा. आणि ते दोनतीन मिनिटांत संपते. संपते, हे महत्त्वाचे.

आम्ही स्वतः खुंटीवरची गिटार खाली काढली ती २००४ साली, या गावी बदली होऊन आल्यावर. गोवेकर मास्तर तोवर हयात नव्हते. त्यांचे तीन कॉर्डांचे कोंकणी गाणे आम्ही आठवून आठवून पहिल्याने बसविले. शेवटच्या तारेचा आवाज विरेपर्यंत बसून राहिलो. पंचेचाळिशीत ते आमचे पहिले पुरे गाणे. नंतर एकेक हात नवा करीत वर चढलो. मालगाडी, ब्लूज, ‘लाग्रिमा’. बार दाबावयास कधी येऊ लागला ते कळले नाही.

२०१४ सालच्या थंडीत एका संध्याकाळी ‘रोमान्स’ काढले. आई स्वयंपाकघराच्या दारात बसून मटार सोलीत होती. तिने गिरगावात तो पूर्वार्ध किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. आम्ही त्या उंबरठ्यापाशी आलो, आणि गंधार शुद्ध झाला, आणि पुढे गेलो. एके ठिकाणी बोट अडखळले, तसेच रेटले. पूर्वार्ध पुन्हा घेऊन संपविले. आईचा हात थांबला होता. ती म्हणाली, “एवढंच होतं होय पुढं?” मग मटाराची शेंग उचलून, थोड्या वेळाने, “त्यांना आवडलं असतं.”

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. त्यांनी व्याख्यानानंतर सहा मिनिटे दिली आहेत आणि गिटार आम्ही बरोबर आणली आहे. आधी कोंकणी गाणे होईल, मग ‘रोमान्स’, दोन्ही भागांसह. उत्तरार्धात बोट त्याच ठिकाणी अजून अडखळते. मागच्या रांगेतील मंडळींनी ते मोजू नये. सभागृहातील उकाड्याने तारा उतरल्या असतील, त्या मिळविण्यास दोन मिनिटे लागतील. तेवढा वेळ बसावे.